परतीचा चढ धरून निघ

प्रिय मित्रा,

अमेरिकेतल्या ब्लॅक कॅन्यन या खोल दरीतल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचं तुझ्या डोक्यात आहे, हे कळलं. जरूर जा. हूवर धरणाच्या खाली कोलोरॅडो नदीच्या दोन्ही अंगांना असे झरे आहेत: नेवाडाकडे गोल्ड स्ट्राइक आणि अ‍ॅरिझोनाकडे अ‍ॅरिझोना हॉट स्प्रिंग्ज. पहिल्या खेपेला दुसराच निवड. गोल्ड स्ट्राइकच्या वाटेवर मोठाल्या धोंड्यांवरून उतरायला जागोजागी दोर बांधलेत. ते कुणी बांधले आणि उन्हाने किती कुजलेत, हे दोराकडे बघून कळत नाही.

दिवस थंडीचेच धर. दरवर्षी १५ मे ते ३० सप्टेंबर या दोन्ही वाटा उष्म्यापायी बंद असतात. पण एप्रिल किंवा ऑक्टोबरातल्या तापलेल्या दिवशी वाट उघडी आहे एवढ्यावरून निघू नकोस.

डोंगर चढताना दमलास, तर मागे फिरल्यावर सगळा उतारच असतो. कॅन्यनमध्ये नेमकं उलटं. अ‍ॅरिझोनाकडची वाट जिथून जाते त्या व्हाइट रॉक कॅन्यनमधून नदीपर्यंत जाताना पाय आपोआप पडतात, जेमतेम पाच किलोमीटर, आणि माणसाला वाटतं, हे काय, झालंच की! अडीचशे मीटरच्या आसपासचा चढ येताना वाट बघत असतो, तोही ऊन खाऊन थकल्यावर. म्हणून माणशी चार लिटर पाणी घे आणि निम्मं परतीसाठी राखून ठेव. सोबत खारं काहीतरी असू दे; नुसतं पाणी ढोसत राहिल्यानेही अंगातलं मीठ कमी होऊन माणूस आडवा होतो.

खरी मेख झऱ्यातच आहे, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. नदीकडून वर येताना सुमारे सहा मीटरची लोखंडी शिडी लागते, शेजारून कोमट पाणी पडत असतं. शिडीच्या वर अरुंद घळीत वाळूच्या पोत्यांनी अडवलेली कुंडं आहेत. जितकं वर जावं तितकं पाणी कढत, तेव्हा आधी हात घालून बघ. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, घामही जातच असतो, फक्त तो पाण्यात दिसत नाही. तासभर डुंबून एकदम उठलास की डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि पुढ्यात काय? ओल्या पायऱ्यांची तीच शिडी! थोडा वेळ बस, बाहेर ये, पाणी पी, काठावर टेकून रहा, मग उतर. बिअर गाडीतही नेऊ नकोस, असं माझं मत आहे.

डोकं पाण्यात बुडवू नकोस. अशा कोमट पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकातून मेंदूपर्यंत जातो. आजार फारच दुर्मीळ, पण झाला की बहुतेक वेळा जीव घेतो. नाक वर ठेवणं एवढंच तर करायचंय.

तापलेल्या अंगाने नदीत उडी मारायचा मोहही आवर. धरणाच्या तळाकडून सोडलेलं ते पाणी इतकं गार असतं की श्वासच अडकतो, आणि धरणातून विसर्ग वाढला की काठावर ठेवलेले बूटही वाहून जातात.

पावसाचा अंदाज असेल तर बेत सरळ रद्द. डोक्यावर निळं आभाळ असतानाही दूरच्या पावसाचा लोंढा घळीत येतो, आणि त्या भिंतींवर चढायला जागा नाही.

आता घड्याळाचं. नदी ही राज्यांची हद्द आहे आणि हिवाळ्यात अ‍ॅरिझोना नेवाडाच्या एक तास पुढे असतं. मोबाइल भलत्याच टॉवरला लागला की वेळ गुपचूप बदलतो. डिसेंबरात नेवाडाच्या वेळेने साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, घळीत तर त्याआधीच काळोख. मनगटी घड्याळ लाव, टॉर्च घे.

आत रेंज मिळेल हे धरून चालू नकोस. निघण्याआधी घरी कुणाला तरी लिहून दे: वाट कोणती, गाडी कुठे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची. ती वेळ अ‍ॅरिझोनाची की नेवाडाची, तेही लिही.

कळावे,
तुझा दादा