फॅफ्सा भरताना ‘फॉस्टर केअर’वर खूण करायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी १४ वर्षांची असताना टेक्सासच्या फॉस्टर केअरमधून (जन्मदात्यांपासून दूर, सरकारच्या ताब्यातल्या मुलांना सांभाळायची व्यवस्था) तुमच्या घरी आली, वर्षभरात दत्तकविधान झालं, आता ती बारावीत आहे आणि फॅफ्सा, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी अमेरिकन सरकारी मदतीचा अर्ज, भरायचाय. धाकटा आला आणि दत्तक झाला तो ९ वर्षांचा असताना. तुम्ही दोघंही नोकरी करता आणि ‘तुमच्या पगारात कसली मदत मिळतेय’ असं ओळखीतल्या चार जणांनी सांगितलंय.

त्या चार जणांचं ऐकू नका. त्यांच्या मुलांचं गणित वेगळं आणि तुमच्या मुलीचं वेगळं.

फॅफ्सात विद्यार्थ्याच्या भागात वैयक्तिक परिस्थितीचे पर्याय येतात. त्यात विचारतात, वयाची १३ वर्षं पूर्ण झाल्यावर कधीही फॉस्टर केअरमध्ये होता का? ‘कधीही’ हा शब्द नीट वाचा. एक दिवस असली तरी उत्तर ‘हो’, आणि पुढे दत्तक गेली म्हणून ते बदलत नाही. तिथे खूण केली की ती स्वतंत्र विद्यार्थिनी धरली जाते. तुमचा पगार, तुमची बचत विचारतच नाहीत. बघतात ते फक्त तिचं उत्पन्न आणि तिची बचत. सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात उभं राहून मिळवलेले पैसे टॅक्स रिटर्न भरण्याइतके नसतील, तर पूर्ण पेल ग्रँट (केंद्र सरकारचं अनुदान) मिळते: २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर, परत न फेडायचे.

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण आमच्याकडे मी स्वतःच घोळ घातला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, लेक अर्ज भरतेय, मी पोळ्या लाटतेय. त्या चौकटीपाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “सोड ते, तू आता आमची आहेस.” मला वाटलं मोठं मायेचं बोलले! ग्रँट आली शून्य. पुढे तिच्या शाळेतल्या कौन्सेलरबाईंनी विचारलं तेव्हा कळलं, मग अर्ज दुरुस्त केला. ‘हो’ म्हणणं म्हणजे आपलं नातं नाकारणं नव्हे. उलट, पूर्वी मोठी मुलं दत्तक गेली की नव्या आईवडिलांचं उत्पन्न धरून त्यांची मदत बुडायची, त्यामुळे काही घरं दत्तकविधानच पुढे ढकलायची. ते थांबावं म्हणून २००७ च्या कायद्यात ही तरतूद घातली. ती आपल्यासारख्यांसाठीच आहे.

आता कागद. कॉलेज पुरावा मागू शकतं. कोर्टाचा आदेश किंवा बालकल्याण खात्याचं पत्र चालतं. आमच्या लेकीचं पत्र आलं जुन्या आडनावावर, आणि कॉलेजच्या खिडकीवरचा मुलगा म्हणाला, ही वेगळीच मुलगी दिसतेय. दत्तकाचा हुकूमनामा दाखवला, त्यात दोन्ही नावं होती, तेव्हा सुटलो. दुसरं, सोशल सिक्युरिटी कार्डावर जे नाव असेल तेच अर्जात हवं. नाव बदलून कार्ड बदलायचं राहिलं असेल तर आधी ते करा. अर्ज साधारण १ ऑक्टोबरला उघडतो, त्याच्या आत.

टेक्सासची खरी मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि ती अनेकांना माहीतच नसते. दत्तक घेताना तुम्ही राज्याशी दत्तक-साहाय्याचा करार केला असेल (दरमहा सबसिडी येते तो), तर सरकारी कॉलेज-युनिव्हर्सिटीत शिक्षणशुल्क आणि फी माफ होते. इथे १३ वर्षांची अट नाही. म्हणजे धाकट्याचंही काम झालं! फॅफ्सात मात्र तो तुमच्यावर अवलंबूनच धरला जाईल, तिथे तुमचा पगार लागेल. सबसिडीचे पैसे त्यात उत्पन्न म्हणून मोजत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. माफीत राहणं-जेवण आणि पुस्तकं येत नाहीत. मुलीच्या बाबतीत पेलचे पैसे तिकडे वळतात. शिक्षणाचा खर्च ग्रँटमधून भागून उरलेली रक्कम राहण्या-जेवणावर गेली तर तेवढी करपात्र ठरते, हे आमच्या सीएच्या नव्हे, लेकीच्याच लक्षात आलं.

वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतचं शिक्षण-व्हाउचरही असतं, पण दत्तक जाणाऱ्यांसाठी त्याची अट १६ पूर्ण झाल्यावर दत्तक गेल्याची. तुमचं एका वर्षानं हुकलं. त्याच्या मागे लागू नका.

खासगी कॉलेजांचं सांगणं अवघड. अनेक ठिकाणी फॅफ्साशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा अर्ज मागतात आणि स्वतःच्या तिजोरीतले पैसे देताना दत्तक आईवडिलांचं उत्पन्न बघतात. पेल तिथेही मिळते, पण फी पाहता ती चिंचोके. अर्ज करण्याआधीच आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करून विचारा. फोनवरच्या ‘हो हो’ला अर्थ नाही, लेखी घ्या.

फ्लोरिडात बदलीची शक्यता आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तिथली माफी ही तिथल्या खात्याकडून दत्तक गेलेल्यांना आहे, टेक्सासच्या मुलांना नाही. आणि टेक्सासची माफी फ्लोरिडाच्या कॉलेजात चालत नाही. तेव्हा बदलीला ‘हो’ म्हणण्याआधी टेक्सासची माफी ज्यावर मिळते तो दत्तक-साहाय्याचा करार शोधून काढा. आमचा सापडला तो वॉरंटी कार्डांच्या खोक्यात, मिक्सरच्या पावतीखाली.