लाइट आली, पंच दुप्पट झाले: अ‍ॅक्सेस कंट्रोल आणि मेसेज क्यूविषयी प्रश्नोत्तरे

कार्डाने उघडणाऱ्या दाराची यंत्रणा (अ‍ॅक्सेस कंट्रोल) मेसेज क्यूमार्फत, म्हणजे संदेश रांगेत ठेवून पुढे पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत, हजेरी-पगाराच्या सॉफ्टवेअरला जोडण्याबद्दल तेच गोंधळ पुन्हा पुन्हा येतात. पंच म्हणजे दाराशी कार्ड दाखवल्याची नोंद. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

दोन गेट, तीन पाळ्या, साडेतीनशे कामगार. वेंडर काफ्काच घ्या म्हणतो. रॅबिटएमक्यू पुरेल का? (दोन्ही मेसेज क्यूची सॉफ्टवेअरं.) (वाळूज)

पुरून उरेल. काफ्का कशासाठी, हे वेंडरकडून लेखी घ्या.

रात्री लाइट गेली की सकाळी काहींचे पंच दोनदा दिसतात, काहींचे गायब, काही रात्रपाळीवाले सकाळी सहाला आल्याचे दिसतात. ‘क्यूत काही हरवत नाही, दुबार होत नाही’ असं वेंडरने सांगितलं होतं. (जालना)

हे वचन विकायला सोपं असतं. हजेरी सॉफ्टवेअरने पंच नोंदवला आणि पोचपावती देण्याआधीच लाइट गेली, तर क्यू तोच संदेश पुन्हा पाठवणार. तेच त्याचं काम. दुबार नोंद अडवायची जबाबदारी संदेश घेणाऱ्या सॉफ्टवेअरची. प्रत्येक पंचाला कंट्रोलरचा (दार चालवणाऱ्या यंत्राचा) सिरियल नंबर आणि घटनाक्रमांक मिळून एक ओळख द्या आणि डेटाबेसमध्ये ती युनिक ठेवा. दुसऱ्यांदा आलेली नोंद टाकून द्या, पण पोचपावती मात्र द्या. नाहीतर संदेश फिरतच राहील.

गायब पंचांसाठी आधी ऑटो-अ‍ॅक (पोचपावती आपोआप धरायची सेटिंग) तपासा. तो चालू असेल तर संदेश पाठवला की रॅबिटएमक्यू तो पोचला असं धरून पुसून टाकतो. पलीकडे नोंद झाली की नाही, त्याला देणंघेणं नाही. ऑटो-अ‍ॅक बंद करा, आणि पंच नोंदवल्यावरच पावती द्या. शिवाय क्यू ड्युरेबल (सर्व्हर पुन्हा चालू झाल्यावरही टिकणारी) हवी, संदेश पर्सिस्टंट (डिस्कवर लिहिला जाणारा) हवा आणि पाठवणाऱ्या बाजूने पब्लिशर कन्फर्म (क्यूने संदेश घेतल्याची पावती) हवं. तिन्हीतलं एक नसलं तरी भोक राहतं.

सकाळी सहाचा घोळ वेळेचा आहे. नेटवर्क तुटलं की कंट्रोलर पंच स्वतःच्या मेमरीत साठवतो आणि जोडणी आल्यावर एकदम सोडतो. सॉफ्टवेअर संदेश मिळाल्याची वेळ धरत असेल, तर दहाला आलेला माणूस सहाला उगवणारच. संदेशात पंचाची वेळ आणि मिळाल्याची वेळ वेगळ्या ठेवा, पगार पहिलीवर. कंट्रोलरचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धतीने) जुळवा. आतला सेल संपला की लाइट आल्यावर तारीख वर्षानुवर्षं मागे जाते. असे पंच पुसू नका, वेगळ्या क्यूत काढून माणसाकडून तपासून घ्या.

अंतिम बिल देण्याआधी कंट्रोलरची नेटवर्क केबल तासभर काढा, दहा कार्डं दाखवा, केबल लावा. पंच भरत असतानाच हजेरीची सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू करा. नोंदी दहाच हव्यात, आणि खऱ्या वेळेच्या. अशा घोळाच्या नोंदींवरून कुणाची अर्ध्या दिवसाची मजुरी कापण्याआधी गेटचं रजिस्टर पाहा आणि कामगार कायद्याच्या सल्लागाराला विचारा. घोळ यंत्राचा, कपात माणसाची, हे चालायचं नाही.

मोबाइलवरून दार उघडायचा आदेश दिला, उघडलं नाही. मध्यरात्री ते आपोआप उघडलं. हॅकिंग? (लातूर, वसतिगृह)

बहुधा नाही. कंट्रोलर बंद होता, आदेश क्यूत पडून राहिला. ‘दार उघड’ला दहा सेकंदांची मुदत द्या, आणि कंट्रोलरनेही आदेशाची वेळ तपासून शिळा आदेश नाकारावा. ‘कार्ड बंद कर’ला मात्र मुदत नको, तो उशिरा का होईना, पोचलाच पाहिजे. लॉग तरी इंटिग्रेटरला (यंत्रणा जोडून देणाऱ्याला) दाखवाच.

आगीचा अलार्म वाजला की क्यूतून संदेश जाऊन दारं उघडतील, अशी योजना आहे. (नांदेड, रुग्णालय)

रद्द करा. फायर पॅनलच्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) कुलपाचा वीजपुरवठा थेट तारेने तोडला पाहिजे आणि वीज जाताच उघडणारं कुलूप हवं. मध्ये सर्व्हर, नेटवर्क, क्यू काहीच नको. क्यूतून फक्त नोंद आणि सूचना जाऊ द्या. अग्निशमन विभागाशी बोलल्याशिवाय एकही तार ओढू नका.

वेंडरने रॅबिटएमक्यूला ‘गेस्ट’ याच नावाने आणि पासवर्डने बाहेरून प्रवेश दिला आहे. चालेल? (परभणी)

नाही. मुळात ते खातं त्याच मशीनपुरतं असतं; कुणीतरी मुद्दाम मोकळं केलंय. आजच बंद करवून घ्या, प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळं खातं द्या, आणि 5672 ऐवजी टीएलएसचा (सांकेतिक, सुरक्षित जोडणीचा) 5671 पोर्ट वापरायला सांगा.