"तू फक्त सही कर, बाकी आम्ही बघतो": जे-वन वेव्हरबद्दल माझं थोडं लांबलेलं उत्तर

अमेरिकेत रेसिडेन्सीनंतरच्या नोकरीबद्दल तू पोस्ट टाकलीयस, त्यातलं ते एक वाक्य वाचलं, "एचआर म्हणते तू फक्त सही कर, वेव्हरचं सगळं आमचा वकील बघतो", आणि पोटात गोळा आला. सहा वर्षांपूर्वी मलाही अगदी हेच सांगितलं होतं. (अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस, रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला म्हणजे माझ्या धाकट्या भावाएवढा असशील.)

जे-वन व्हिसावर ट्रेनिंगला आलेल्या डॉक्टरला नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट, ती माफ करून घेणं म्हणजे वेव्हर, त्याचा डीएस-३०३५ फॉर्म, केस नंबर हे तुला माहीतच असणार, ते परत लिहीत नाही. फक्त तुझा मित्र म्हणतोय ना की "दिल्लीहून सरकारचं नो ऑब्जेक्शन पत्र आण, झालं काम", त्याच्या नादी लागू नको. रेसिडेन्सीसाठी जे-वनवर आलेल्या डॉक्टरला तो रस्ता कायद्यानेच बंद आहे.

आता माझी चूक. मी पीडियाट्रिक्स. रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षी सप्टेंबरात काँट्रॅक्टवर सही केली, १ ऑक्टोबरला नवीन सरकारी वर्षाचे ३० स्लॉट (टंचाईच्या भागात तीन वर्षं काम करण्याच्या बदल्यात वेव्हर, त्याच्या दर राज्याला मिळणाऱ्या जागा) सुरू झाले, पहिल्याच आठवड्यात फाईल गेली आणि मी निवांत. काँट्रॅक्टमध्ये क्लिनिकचा पत्ता होता, तो हिप्सात म्हणजे डॉक्टर-टंचाईच्या भागात होता, वकिलाने तशी प्रिंटही जोडलेली. फक्त ते क्लिनिक जानेवारीत हायवेलगतच्या नवीन बिल्डिंगमध्ये हलणार होतं, गाडीने जेमतेम पाच मिनिटं. हे एचआरला माहीत होतं, रिसेप्शनवरच्या बाईंना माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं, कारण इंटरव्ह्यूच्या दिवशी त्यांनी मोठ्या कौतुकाने नवीन बिल्डिंगचे प्लॅन दाखवले होते आणि मी मान डोलावून "वा वा" करून आले होते. याचा वेव्हरशी काही संबंध असेल असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. अरे, हिप्सा दरवेळी अख्ख्या गावाला किंवा काउंटीला नसतं, कित्येक ठिकाणी ते सेन्सस ट्रॅक्टप्रमाणे असतं, एका गल्लीला आहे आणि पुढच्या गल्लीला नाही.

राज्याच्या ऑफिसला हे स्थलांतराचं कुठून कळलं देव जाणे, नोव्हेंबरात पत्र आलं की डॉक्टर जूनअखेरीला ट्रेनिंग संपवून जिथे प्रत्यक्ष बसणार तो पत्ता द्या. रात्री दोन वाजता कॉलरूममध्ये बसून मी एचआरएसएच्या (हिप्सा ठरवणाऱ्या सरकारी खात्याच्या) साईटवर नवीन पत्ता टाकला. नकाशावर पिन पडली ती रंगवलेल्या भागाच्या बाहेर. रस्ता ओलांडला की रंग सुरू! मी दोनदा स्पेलिंग तपासलं.

फाईल परत. तोवर ३० भरले होते, आणि त्यातलेच जे १० फ्लेक्स असतात (जागा टंचाईच्या भागाबाहेरची, पण पेशंट तिथले) तेही गेले होते. ही ३० ची पण गंमतच आहे, कॅलिफोर्नियालाही ३० आणि वायोमिंगलाही ३०. १९९४ मध्ये सिनेटर कॉनरॅडनी सुरू केलं तेव्हा २० होते, २००२ मध्ये ३० केले, ते तिथेच अडकलंय.

हॉस्पिटलच्या वकिलाला फोन केला, रडकुंडीला आले होते, तर तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, मी तुमचा वकील नाही, मी हॉस्पिटलचा." खोटं काय बोलला? सहीच्या आधी मीच विचारलं नव्हतं.

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो त्या राज्याच्या ऑफिसने. दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली, तिथे स्लॉट शिल्लक होते, पण एका वेळी एकच वेव्हर रिक्वेस्ट चालते, दुसरी कुठे पेंडिंग नाही असं सही करून द्यावं लागतं. म्हणजे आधीची फाईल बंद झाल्याचं पत्र हवं. दोन ओळींचं पत्र! अकरा दिवस फोन केले, तो विभाग सांभाळणारी एकच व्यक्ती, ती सुट्टीवर, व्हॉइसमेल फुल, ईमेलला ऑटो-रिप्लाय. शेवटी नवीन वकिलाने (हा माझा, माझ्या पैशाने) त्यांच्या वरच्या साहेबांना गाठलं आणि वीस मिनिटांत पत्र आलं.

तर माझं मत, कुणाला पटो न पटो: स्वतःचा वकील कर. पैसे लागतात, लागू देत. आणि काँट्रॅक्टमध्ये "संस्था वेळोवेळी ठरवेल त्या इतर ठिकाणी" अशी ओळ असेल तर काढायला लाव, प्रत्येक जागेचा पूर्ण पत्ता मागून घे आणि एकेक पत्ता स्वतः टाकून बघ. तिथे हिप्साच्या स्टेटसमध्ये "प्रपोज्ड फॉर विड्रॉवल" (म्हणजे तो दर्जा काढायचा प्रस्ताव आहे) दिसलं तर सही करायच्या आधी वकिलाला दाखव. "पुढच्या वर्षभरात क्लिनिक हलणार आहे का" हे ईमेलवर विचार, तोंडी नको. नॉन-कॉम्पीटचा (सोडल्यावर जवळपास दुसरीकडे काम करायचं नाही असा) क्लॉज असेल तर तोही काढायला सांग, बरीच राज्यं तो चालवून घेत नाहीत.

दोन सुटे मुद्दे. एक, स्टेट डिपार्टमेंटने वेव्हरची शिफारस पुढे पाठवली की जे-वन वाढवून मिळत नाही, त्यामुळे फेलोशिपचा विचार मनात असेल तर आधीच ठरव. दोन, जे-वनवरून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर जायचं चेंज ऑफ स्टेटस पेंडिंग असताना बहिणीच्या लग्नाला वगैरे इंडियात जाऊ नकोस, ते चेंज ऑफ स्टेटस सोडून दिलं असं धरतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नवीन एच-वन-बी अर्जांवर ती एक लाख डॉलरच्या फीची भानगड सुरू झाली. मी वकील नाही, हे नियम बदलत असतात, तुझ्या केसचं तुझ्या वकिलाला विचार.

बायको जे-टूवर (जे-वनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) काम करतेय लिहिलंयस, तर हेही बोलून ठेवा: तू एच-वन-बीवर गेलास आणि ती एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर गेली की जे-टूचं वर्क परमिट संपतं, आणि एच-फोरवरचं मिळायला साधारणपणे तुझी आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर व्हावी लागते. आमच्याकडे नवरा चौदा महिने घरी होता. पोळ्या उत्तम करतो आता, पण ते महिने सोपे नव्हते.

आणि खेड्याला घाबरू नकोस. माझा एक बॅचमेट, एमबीबीएसनंतर सरकारी बाँडचं एक वर्ष पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काढायला नको म्हणून घरच्यांनी त्याचे दहा लाख भरले, तो आता उणे तीसच्या थंडीत मक्याच्या शेतांमधल्या गावात वेव्हरची तीन वर्षं काढतोय आणि दर रविवारी फोनवर आम्ही त्याला विचारतो, "काय रे, आपलं पीएचसी काय वाईट होतं?"

काँट्रॅक्टमधलं कामाच्या जागेचं पान, नाव-पगार झाकून, मला मेसेजमध्ये पाठव, बघून सांगते. आज नाइट आहे, उद्या दुपारपर्यंत उत्तर येणार नाही.