प्रश्न वाचकांचे : बाद फेरीपूर्वी संघाचे बळ कशात पाहावे?

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची स्पर्धा, दर वर्षी मार्चमध्ये सुरू होते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते. ६८ संघ, एक पराभव झाला की घरी, असे तिचे स्वरूप आहे. या स्पर्धेत उतरणाऱ्या संघांची ताकद कशी जोखावी, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा महिला संघ २०२४ मध्ये एकही सामना न हरता विजेता झाला. पण त्याच्या आदल्या वर्षी हाच संघ उपांत्य सामन्यात हरला होता आणि त्यातल्या मुख्य खेळाडू निघूनही गेल्या होत्या. मग बाद फेरीपूर्वी जाणकार त्याला इतका बलाढ्य का मानत होते? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागातच उत्तराचा बराचसा अंश आहे, म्हणून आधी २०२३ कडे पाहू. त्या वर्षी डॉन स्टेली यांच्या मार्गदर्शनाखालील साउथ कॅरोलिनाने ओळीने ३६ सामने जिंकले होते. डॅलसमधील उपांत्य सामन्यात आयोवाने त्यांना ७७-७३ असे हरवले. आयोवाच्या केटलिन क्लार्कने त्या सामन्यात ४१ गुण केले, आणि बहुतेकांना तेवढेच आठवते. मला मात्र त्या सामन्यातला आयोवाचा बचाव अधिक महत्त्वाचा वाटतो. साउथ कॅरोलिनाच्या ज्या गार्ड, म्हणजे बाहेरून खेळ रचणाऱ्या खेळाडू, लांबून फेक करायला कचरत होत्या, त्यांना आयोवाने चक्क मोकळे सोडले आणि सगळी माणसे बास्केटखाली गोळा केली. पॉइंट गार्ड रेव्हन जॉन्सन हिच्याकडे चेंडू असताना क्लार्कने तिच्या जवळ जाण्याची तसदीही घेतली नाही. उंची आणि रिबाउंड (फसलेल्या फेकीनंतर चेंडू मिळवणे) यांत कितीतरी पुढे असलेल्या संघाला त्या गर्दीतून वाट काढता आली नाही.

त्यानंतर संघाच्या सुरुवातीच्या पाचही जणी महाविद्यालयीन खेळातून बाहेर पडल्या. त्यांतली अलिया बोस्टन तर व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतली गेली. नव्या हंगामाआधीच्या क्रमवारीत साउथ कॅरोलिनाला सहावे स्थान मिळाले, आणि एवढा बदल झालेल्या संघासाठी तो अंदाज मुळीच अन्यायाचा नव्हता. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी नोत्र दाम विद्यापीठावर १००-७१ असा विजय मिळवला, तेव्हा लोकांनी पुन्हा नीट पाहायला सुरुवात केली.

मार्चपर्यंत जी बलस्थाने दिसू लागली, त्यांतले पहिले म्हणजे जुने वर्म बुजवले गेले होते. ओरेगॉन विद्यापीठातून आलेल्या टे-हिना पाओपाओने त्या हंगामात तीन गुणांच्या फेकींपैकी ४६.८ टक्के बास्केटमध्ये टाकल्या, आणि देशात या बाबतीत ती पहिली होती. अशा नेमबाज खेळाडूला मोकळे सोडून आत गर्दी करणे कोणत्याही प्रशिक्षकाला परवडत नाही. पाओपाओ बाहेर उभी राहिली की तिच्यावर पहारा ठेवणारी खेळाडू आतून बाहेर ओढली जाते, आणि बास्केटखाली ६ फूट ७ इंच उंचीच्या कमिला कार्डोसोला हवी ती जागा मिळते. ब्राझीलहून आलेली कार्डोसो आधी सिरॅक्यूजकडून खेळत होती आणि साउथ कॅरोलिनात सुरुवातीला बोस्टनची राखीव म्हणून बसत होती. संघाचा आतला आणि बाहेरचा खेळ असा एकमेकांना आधार देऊ लागला, हे मला आदल्या वर्षीपेक्षा सर्वांत मोठे अंतर वाटते. स्वतः रेव्हन जॉन्सननेही त्या डॅलसच्या रात्रीनंतर लांबच्या फेकीवर मेहनत घेतली होती.

दुसरे बळ बचावाचे. तो नव्या संघातही टिकून राहिला. कार्डोसो आणि ॲशलिन वॉटकिन्स आत उभ्या असताना प्रतिस्पर्ध्यांना जवळून सोपी फेक मिळणे कठीण होते. बाहेर जॉन्सन आणि ब्री हॉल चेंडू हाती असलेल्या गार्डला एका जागी श्वास घेऊ देत नव्हत्या. फेकीचा दिवस चांगला असतो, वाईटही असतो. बचाव आणि रिबाउंड मात्र अशा दिवसांवर फारसे अवलंबून नसतात, म्हणून एका पराभवात सारे संपणाऱ्या स्पर्धेत त्यांचे मोल अधिक.

आणि तिसरे बळ, माझ्या मते सर्वांत मोठे, राखीव खेळाडूंचे. या संघातली दर सामन्यातील सर्वाधिक सरासरी कार्डोसोची, अवघी १४.४ गुणांची होती. त्याच हंगामात क्लार्कची सरासरी ३१.६ होती. मायलेसिया फुलवायली ही पहिल्या वर्षाची मुलगी बहुतेक सामन्यांत बाकावरून मैदानात उतरत असे आणि तरीही संघातल्या सर्वाधिक गुण करणाऱ्यांपैकी एक होती. टेसा जॉन्सन, वॉटकिन्स, सनिया फिगिन याही तशाच बाकावरून येणाऱ्या. फेब्रुवारीत ऑलिंपिक पात्रता फेरीसाठी कार्डोसो ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाकडे गेली असताना साउथ कॅरोलिनाने कनेटिकटसारख्या संघाला ८३-६५ असे हरवले. ज्यांना बाद फेरीचा अंदाज बांधायचा होता, त्यांच्यासाठी त्या हंगामातला सर्वांत बोलका सामना हाच होता.

प्रश्न : त्याच वर्षी कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या, अंतिम सामन्यात झालेल्या हाणामारीनंतर कार्डोसोवर कारवाई झाली होती, असे आठवते. ऐन स्पर्धेच्या तोंडावर प्रमुख खेळाडू गमावणे हा संघाला मोठा फटका नव्हता का? – क्रीडाशिक्षिका, सांगली

उत्तर : फटका होता, पण संघ त्याने मोडला नाही. १० मार्च २०२४ रोजी ग्रीनव्हिल येथे एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) संघाविरुद्ध हा अंतिम सामना झाला. चौथ्या सत्रात धक्काबुक्की झाली, कार्डोसोला सामन्याबाहेर काढण्यात आले आणि नियमानुसार पुढच्या, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या सामन्यालाही ती मुकली. साउथ कॅरोलिनाने एलएसयूला ७९-७२ असे हरवले आणि तिच्याविना प्रेस्बिटेरियन महाविद्यालयाला ९१-३९ असे. प्रेस्बिटेरियनचा संघ दुबळा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो सामना सर्वांना खेळवून सहज काढता येणे हीदेखील राखीव बळाची खूण आहे.

त्याच ग्रीनव्हिलमध्ये आदल्या दिवशी टेनेसीविरुद्ध जे झाले, ते अधिक लक्षात घ्यावे. अखेरचा सेकंद उरला असताना साउथ कॅरोलिना दोन गुणांनी मागे होती. चेंडू कार्डोसोकडे आला आणि कारकिर्दीत तोवर एकदाही तीन गुणांची फेक यशस्वी न केलेल्या या सेंटरने ती बोर्डवर आदळवून बास्केटमध्ये घातली, निकाल ७४-७३. अजिंक्य राहण्यात नशिबाचाही वाटा असतो, हे या सामन्याने दाखवले, आणि म्हणूनच मी पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

प्रश्न : बाद फेरीत जाताना एकही पराभव नसणे ही संघाची ताकद मानावी की ओझे? – महाविद्यालयीन खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : पूर्ण हंगाम अजिंक्य राहून विजेतेपद मिळवण्याची कामगिरी महिलांच्या या स्पर्धेत १९८६ च्या टेक्सासपासून २०२४ च्या साउथ कॅरोलिनापर्यंत दहा वेळा झाली आहे आणि त्यांतील सहा वेळा ती एकट्या कनेटिकटने केली आहे. पण त्याच कनेटिकटचा २०१७ चा संघ ओळीने १११ सामने जिंकून उपांत्य सामन्यात आला आणि मिसिसिपी स्टेटकडून जादा वेळेत ६६-६४ असा हरला. पुढच्याच वर्षी ते पुन्हा अजिंक्य आले आणि नोत्र दामने त्यांना जादा वेळेतच ९१-८९ असे हरवले. २०२३ ची साउथ कॅरोलिना वर आलीच आहे.

त्यामुळे केवळ विजयांची रांग पाहून संघ निवडू नये. ते विजय कोणाविरुद्ध मिळाले, घरच्या मैदानाबाहेर किती मिळाले आणि अटीतटीच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत संघ काय करतो, हे पाहावे. रोज तीस गुणांनी जिंकणाऱ्या संघाला घड्याळाकडे पाहत खेळण्याची सवय नसते, आणि ही सवय सरावात पुरेशी लागत नाही. २०२४ मध्ये इंडियानाविरुद्ध साउथ कॅरोलिनाची २२ गुणांची आघाडी वितळून दोनवर आली होती. तेव्हा शेवटच्या मिनिटात तीन गुणांची फेक टाकली ती रेव्हन जॉन्सनने, आणि संघ ७९-७५ असा वाचला. जिला वर्षभरापूर्वी मोकळे सोडले गेले होते, तिनेच ही फेक घेण्याचे धाडस केले, याचे मला आजही कौतुक वाटते.

प्रश्न : महिलांच्या स्पर्धेत काही संघ पहिले दोन सामने स्वतःच्या मैदानावर खेळतात. हा अन्याय नाही का? – एक वाचक, पणजी

उत्तर : निवड समिती ज्या १६ संघांना सर्वांत वरचे मानांकन देते, त्यांना हा मान मिळतो; पुरुषांच्या स्पर्धेत सामने तटस्थ ठिकाणी होतात. महिलांच्या सामन्यांना प्रेक्षागृह भरलेले असावे, हा यामागचा हेतू आहे. साउथ कॅरोलिनाच्या कोलंबिया येथील प्रेक्षागृहात सुमारे १८ हजार प्रेक्षक बसतात आणि तेथे पाहुण्या संघाला स्वतःच्या प्रशिक्षकाचा आवाज ऐकणेही कठीण जाते. फायदा उघड आहे, पण तो हंगामभराच्या खेळातून कमावलेला असतो, म्हणून मी त्याला अन्याय म्हणणार नाही.

प्रश्न : आपण राखीव खेळाडूंवर भर देता, परंतु २०२५ मध्ये साउथ कॅरोलिनाचा तोच भरलेला बाक कनेटिकटपुढे फिका पडला. मग तीन अव्वल खेळाडू असलेला संघच श्रेष्ठ नव्हे काय? – निवृत्त पंच, नागपूर

उत्तर : आक्षेप रास्त आहे. ६ एप्रिल २०२५ रोजी टॅम्पामधील अंतिम सामन्यात कनेटिकटने ८२-५९ असा एकतर्फी विजय मिळवला, आणि त्यात ॲझी फड व सारा स्ट्रॉंग यांचे प्रत्येकी २४ आणि पेज बेकर्सचे १७ गुण होते. तिघींनी मिळून ६५. प्रतिस्पर्धी संघाच्या एकूण गुणांपेक्षा जास्त.

तरीही त्या संघाला केवळ तीन ताऱ्यांचा संघ म्हणणे मला पटत नाही. कनेटिकट त्या हंगामात तीन सामने हरले होते. त्यांतला शेवटचा पराभव फेब्रुवारीच्या सुरुवातीला टेनेसीने ८०-७६ असा केला. त्यानंतर दहा दिवसांत त्यांनी साउथ कॅरोलिनाला तिच्याच प्रेक्षागृहात ८७-५८ असे लोळवले आणि तेथील ओळीने ७१ विजयांची मालिका संपवली. त्या दिवशी आणि पुढे बाद फेरीत हा संघ बचावात इतका एकजीव दिसला की उपांत्य सामन्यात यूसीएलए विद्यापीठाच्या संघाला ५१ गुणांवर थांबावे लागले. दुखापतींतून परतलेली फड पूर्ण जोमाने खेळू लागली होती आणि पहिल्याच वर्षाची स्ट्रॉंग मोठ्या सामन्यांत स्थिरावली होती. संघ कोणत्या महिन्यात शिखरावर पोहोचतो, याला फार महत्त्व आहे.

राखीव खेळाडूंबाबत माझे मत मी बदलत नाही, कारण २०२४ चा अंतिम सामना तेच सांगतो. क्लीव्हलंडमध्ये आयोवाने पहिले दहा गुण केले, क्लार्कने पहिल्याच सत्रात १८ गुण केले आणि आयोवा २७-२० ने पुढे गेले. तेथून साउथ कॅरोलिनाने ८७-७५ असा विजय खेचून आणला. राखीव खेळाडूंच्या गुणांचा हिशेब होता ३७ विरुद्ध शून्य, आणि त्या ३७ पैकी १९ गुण पहिल्या वर्षाच्या टेसा जॉन्सनचे होते. रिबाउंड ५१ विरुद्ध २९. क्लार्कने ३० गुण केले खरे, पण रेव्हन जॉन्सन आणि इतर गार्ड आळीपाळीने तिच्यामागे धावत राहिल्या आणि दमल्यावर बसू शकल्या. क्लार्कला मात्र बसणे परवडत नव्हते. तीन अव्वल खेळाडू असतील तर त्या हव्यातच. प्रश्न एवढाच आहे की त्यांतली एक पाच फाउल होऊन बाहेर गेली, तर तिच्या जागी येणाऱ्या मुलीने हंगामभरात अटीतटीच्या सामन्यात कधी चेंडू हाताळला आहे का.

प्रश्न : मी एका महाविद्यालयाच्या मुलींच्या संघाला शिकवतो. आमच्या काही मुलींची विद्यापीठ संघात निवड होऊन त्या पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार आहेत. वरील गोष्टींचा आम्हाला काही उपयोग आहे का? – प्रशिक्षक, सोलापूर

उत्तर : आहे, आणि राखीव खेळाडूंच्या बाबतीत तर तिकडच्यापेक्षा अधिक आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धेत दोन सामन्यांमध्ये निदान एक दिवस विश्रांतीचा असतो. आपल्याकडे स्पर्धा थोड्या दिवसांत उरकतात आणि पाठोपाठच्या दिवशी सामने खेळावे लागतात. शिवाय तिकडे महिलांना चढाईसाठी ३० सेकंद मिळतात, तर आपण आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २४ सेकंदांचे घड्याळ पाळतो, त्यामुळे धावपळ वाढते. तिसऱ्या दिवशी पाय जड झालेले असतात आणि लांबची फेक सर्वांत आधी आखूड पडू लागते, ती हातांमुळे नव्हे, पायांमुळे.

म्हणून एक काम करावे. सराव सामन्यांच्या गुणपत्रिकेत एक वेगळा रकाना आखून, पहिल्या पाचपैकी दोन किंवा अधिक मुली बाहेर असताना संघाने किती गुण केले आणि किती दिले, याची नोंद ठेवावी. ही तफावत मोठी असेल, तर राखीव मुलींना शेवटच्या पाच मिनिटांत, गुणफलक जवळ असताना, मुद्दाम उतरवावे. आघाडी तीस गुणांची झाल्यावर दिलेली संधी त्यांच्या फारशी उपयोगी पडत नाही. त्या सराव सामन्यांत एखादा पराभव पत्करावा लागला तरी चालेल. दुसरे, प्रतिस्पर्धी संघ आपल्या कोणत्या मुलीला मोकळे सोडतील, हे स्वतःच आधी ओळखावे आणि तिला रोज सरावाच्या शेवटी, दमलेल्या पायांनी, तीच फेक पुन्हा पुन्हा घ्यायला लावावी. विभागीय स्पर्धेला अजून काही आठवडे असतील, तर एवढा बदल त्या अवधीत नक्की होऊ शकतो.