लंडनजवळचं जॉर्डन्स मीटिंग हाउस, म्हणजे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनागृह, बघायचं आहे. क्वेकर नसलेल्यांनी रविवारच्या सभेला बसलं तर चालतं का?

उत्तर: चालतं, आणि नक्की बसा. लंडनच्या मेरिलबोन स्टेशनहून रेल्वेने सिअर ग्रीन अँड जॉर्डन्स स्टेशन गाठा, पुढे चालत जा. दहा मिनिटं आधी पोहोचा, फोन बंद ठेवा. पाद्री नाही, गाणी नाहीत. साधारण तासभर शांतता. ज्याला आतून वाटेल तो उभा राहून थोडक्यात बोलतो. नवखे इथेच चुकतात: लगेच उत्तर द्यायला उठतात. ही चर्चा नव्हे. मध्ये पुरेशी शांतता जाऊ द्या. हस्तांदोलन झालं की सभा संपली. नंतर चहाला थांबा, लोक आपुलकीने बोलतात.

इमारत १६८८ची, २००५च्या आगीनंतर दुरुस्त केलेली. बाहेर विल्यम पेनची, म्हणजे अमेरिकेतली पेनसिल्व्हेनिया वसाहत स्थापणाऱ्या क्वेकराची, कबर आहे. तिथले साधे, बुटके दगड १९व्या शतकातले, कारण सुरुवातीच्या क्वेकरांना थडग्यावर नाव कोरणं दिखाऊ वाटे.