एका ट्रान्झिस्टरचा स्विच वापरून साधा एएम मॉड्युलेटर कसा बनवायचा?

तुम्ही म्हणता की ऑडिओ आणि कॅरिअर (ऑडिओ वाहून नेणारी जास्त फ्रिक्वेन्सीची लहर) दोन रेझिस्टरमधून एकत्र करून बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला दिले, पण ऑसिलोस्कोपवर एएम (अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन, म्हणजे ऑडिओनुसार कॅरिअरची उंची बदलणं) दिसत नाही. कॅरिअर ऑडिओच्या पाठीवर बसून नुसता वर-खाली होतो. तसंच दिसणार, कारण तिथे मुख्यतः बेरीज होतेय. एएमला गुणाकार लागतो, आणि तो करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे स्विच: सिग्नल जाऊ दिला की १ ने गुणलं, अडवला की ० ने.

म्हणून दोघांच्या वाटा वेगळ्या करा. बेसला फक्त कॅरिअर, ऑडिओ कलेक्टरकडून.

फंक्शन जनरेटरवर १ किलोहर्ट्झची साइन लावा, पीक-टू-पीक ३ व्होल्ट, आणि डीसी ऑफसेट ३ व्होल्ट. म्हणजे व्होल्टेज १.५ ते ४.५ मध्ये फिरेल. हे आकडे स्कोपवर बघूनच लावा. ५० ओहमचा लोड धरून आकडा दाखवणारे जनरेटर प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट देतात. हा सिग्नल १ किलोओहममधून कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला. बेसला १० किलोओहममधून १०० किलोहर्ट्झचा ०-५ व्होल्ट स्क्वेअर वेव्ह. त्या १० किलोओहमला समांतर १०० पिकोफॅरड नक्की लावा, नाहीतर सॅच्युरेशनमध्ये (पूर्ण चालू अवस्थेत) गेलेला ट्रान्झिस्टर बंद व्हायला उशीर लावतो आणि पल्स अरुंद होतात. पण स्क्वेअर वेव्ह ५ व्होल्टच्या वर नेऊ नका. या कपॅसिटरमुळे बेस क्षणभर निगेटिव्ह जातो, आणि बेस-एमिटर जंक्शन उलट्या दिशेने ६ व्होल्टच सोसतं.

आता कलेक्टरवर प्रोब लावा आणि ट्रिगर ऑडिओवर घ्या, कॅरिअरवर घेतलात तर एन्व्हलप (कॅरिअरच्या शिखरांना जोडणारी बाह्यरेषा) पळत राहील. तळ शून्याजवळ सपाट आणि फक्त माथा डोलतोय असं अर्धवट एएम दिसेल. बरेच जण इथेच सर्किट चुकलं समजून सगळं उपटतात. ते बरोबर आहे! यात मूळ ऑडिओ आणि कॅरिअरचे हार्मोनिक्सही मिसळलेले आहेत, ते काढायचे बाकी आहेत.

त्यासाठी कलेक्टरवरून १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड सिरीजमध्ये घेऊन टँक सर्किटला (ठरावीक फ्रिक्वेन्सीच निवडणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी) जा: १ मिलिहेन्रीची कॉइल, समांतर २.२ नॅनोफॅरड आणि ३३० पिकोफॅरड, दुसरं टोक ग्राउंडला. रेझोनन्स १०० किलोहर्ट्झला येतो. ही छोटी कॉइल तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांची, म्हणजे हुबेहूब १ किलोओहमच्या रेझिस्टरसारखी दिसू शकते. मल्टिमीटरवर काही ओहम किंवा काही दहा ओहम दाखवले तर ती कॉइल. पार्टसच्या टॉलरन्समुळे शिखर थोडं सरकेल, तेव्हा कॅरिअरची फ्रिक्वेन्सी फिरवून आउटपुट सर्वात मोठं करा. प्रोब १०एक्सवर ठेवा, १एक्सची कपॅसिटन्स टँकला हलवते.

टँकवर दोन्ही बाजूंनी सारखा एन्व्हलप मिळेल. कमाल आणि किमान उंचीतला फरक भागिले बेरीज हा मॉड्युलेशन इंडेक्स, इथे साधारण ०.५. ऑडिओचं शिखर ऑफसेटच्या पुढे गेलं की कलेक्टर निगेटिव्ह जाऊ पाहतो, आणि एन्व्हलपचा तळ कापला जातो.

रेडिओवर ऐकायचं म्हणून १ मेगाहर्ट्झला जायचं असेल तर कॉइल १०० मायक्रोहेन्री, कपॅसिटर साधारण २५० पिकोफॅरड. पण तिथे बीसी ५४७ चा आळस जास्त नडेल. आणि अँटेना जोडू नका. मीडियम वेव्हवर विनापरवाना प्रक्षेपण बेकायदा आहे.