रसिकांचे प्रश्न : 'जैत रे जैत' रंगमंचावर आणावे का?

प्रश्न : खारघर येथे आमची हौशी नाट्यसंस्था आहे. यंदा 'जैत रे जैत' या चित्रपटावर आधारित संगीत नाटक बसवून त्याचा पहिला प्रयोग वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात करावा, असा प्रस्ताव पुढे आला आहे. कथा कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर या आदिवासी समाजाची, म्हणजे आमच्या शेजारचीच आहे, हे त्यामागचे एक कारण. मात्र काही ज्येष्ठ सभासदांचा त्याला ठाम विरोध आहे. लोकांच्या मनात घर करून राहिलेल्या चित्रपटाला हात लावू नये, त्यातील डोंगर आणि मधमाश्या रंगमंचावर दाखवताच येणार नाहीत आणि ती गाणी मूळ आवाजांशिवाय कोणी ऐकणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आपले मत काय?

उत्तर : नाटक जरूर करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या ज्येष्ठांचे आक्षेप मात्र गंभीर आहेत आणि नाटक कसे करावे याचे उत्तर त्यांच्यातूनच मिळू शकेल.

सर्वच संगीतप्रधान चित्रपट नाटकासाठी योग्य असतात असे नाही. ज्या चित्रपटात गाणे आले की कथा थांबते, त्याचे नाटक म्हणजे बहुतेक वेळा वेशभूषेसह सादर केलेला वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरतो. 'जैत रे जैत'चे तसे नाही. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांतून तेथे कथाच पुढे सरकते. पात्रांच्या मनात काय चालले आहे हे गाणे सांगते आणि समूहाचा आवाज घडणाऱ्या गोष्टीवर भाष्य करतो. ही घडण मुळात रंगभूमीच्या जवळची आहे, आणि त्यात आश्चर्य नाही. 1977 साली हा चित्रपट करणाऱ्या जब्बार पटेलांनी 1972 मध्ये 'घाशीराम कोतवाल' हे नाटक दिग्दर्शित केले होते. चित्रपटात नाग्याची, म्हणजे नायकाची, भूमिका करणारे मोहन आगाशे त्या नाटकातील नाना फडणवीस होते, आणि चित्रपटासाठी गायलेले रवींद्र साठे व चंद्रकांत काळे हेही त्याच नाटकातून आलेले. नाटकवाल्यांनी चित्रपटाला जे दिले, ते आपण रंगभूमीकडे परत आणू पाहत आहात.

डोंगर आणि मधमाश्यांच्या प्रश्नाचे उत्तरही मला 'घाशीराम'मध्येच दिसते. त्या नाटकात ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांचा पडदा होता. तोच क्षणात भिंत होई, क्षणात जमाव होई, आणि प्रेक्षकांनी तो निःशंकपणे स्वीकारला. कथेतला लिंगोबाचा डोंगर रंगवलेल्या पडद्यावर किंवा एलईडी भिंतीवर दाखवलात, तर प्रेक्षक त्याची तुलना लगेच चित्रपटातील खऱ्या कड्याशी करील आणि आपण हराल. तोच डोंगर पंधरा-वीस माणसांच्या देहांतून उभा राहिला, नाग्या त्यांच्या खांद्यांवरून वर चढू लागला, पोळी उठल्याचा घोंघाव त्याच माणसांच्या कंठांतून निघाला आणि खाली ढोल वाजत राहिला, तर चित्रपट आठवणारा प्रेक्षकसुद्धा श्वास रोखून पाहील. राणीमाशीने डोळा घेतलेला एक तरुण देवाच्या डोंगराशी वैर धरतो, या गोष्टीतील भय दाखवायला कॅमेरा लागतोच असे नाही.

गाण्यांबाबत माझा एकच आग्रह आहे. ध्वनिमुद्रित ट्रॅक लावून ओठ हलवू नका. स्मिता पाटील यांनी रंगवलेली नायिका चिंधी आणि तिच्यामागचा पार्श्वगायिकेचा आवाज ही चित्रपटाची रीत झाली. रंगमंचावर जी चिंधी होईल तिने स्वतः गायले पाहिजे, मग तिचा आवाज थोडा खरखरीत असला तरी चालेल. 2016 साली फिरोज अब्बास खान यांनी 'मुघल-ए-आझम' रंगमंचावर आणले, तेव्हा नौशाद यांची गाणी अभिनेत्रींनी प्रत्यक्ष गायली आणि प्रयोगाचा प्राण त्यातच होता. त्या निर्मितीचे वैभव आपल्याला परवडणारे नाही, पण प्रत्यक्ष गायनाला पैसा नव्हे, तालीम लागते. मूळ आवाजाची नक्कल मात्र करू नये. 'कट्यार काळजात घुसली' हे 1967 चे नाटक 2015 मध्ये पडद्यावर आले, तेव्हा जुन्या पदांच्या जोडीला नवी गाणी आली आणि आधी नाके मुरडणाऱ्यांपैकी अनेकांनी पुढे तीही आपली मानली.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते, आणि ती आपल्या पत्रात नाही. शहरातील कलावंतांनी ठाकरांची बोली आणि नाच केवळ चित्रपट पाहून उचलला, तर ते सोंग वाटेल आणि ज्यांची ही कथा आहे त्यांचा अपमान होईल. कर्नाळ्याच्या आसपासच्या वाड्या आपल्यापासून दूर नाहीत. तेथे जाऊन शिका, शिकवणाऱ्यांना योग्य मानधन द्या, त्यांची नावे श्रेयनामावलीत छापा, आणि त्यांच्यापैकी कोणी ढोलावर बसायला तयार झाले, तर आपल्या सरावातल्या वादकाने आनंदाने जागा सोडावी.

प्रश्न : ठाण्यात आम्हीही जुन्या चित्रपटावर नाटक करण्याच्या विचारात आहोत. प्रयोग विनामूल्य ठेवला, तरी परवानगी लागते का?

उत्तर : लागते, असेच धरून चालावे. विनामूल्य प्रयोगांना कायद्यात काही मर्यादित सवलती आहेत, पण चित्रपटावरून नवी संहिता रचणे ही वेगळी बाब आहे. शिवाय हक्क एकाच ठिकाणी नसतात. 'जैत रे जैत'चेच पाहा : मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची आहे. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो; त्यांचे निधन 1998 मध्ये झाले, म्हणून 2058 अखेरपर्यंत वारसांची संमती आवश्यक आहे. पटकथा आणि गाणी यांच्यासाठी प्रथम निर्मात्याकडे चौकशी करावी व प्रत्येक होकार लेखी घ्यावा. गाण्यांच्या कार्यक्रमासाठी मिळणारा परवाना नाटकाला पुरतो असे गृहीत धरू नये. संहिता तयार झाल्यावर ती, नाटकांच्या संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. हे सारे होईपर्यंत गडकरी रंगायतनची तारीख घेऊ नये. आधी संमती, मग तालीम.